लाँगयिअरब्येन: अरोराच्या सावटाखाली जीपीएस

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाला जाताना अरोराचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचे, अ‍ॅप सगळेच उघडून बसतात. बर्फाची उंची मोजणाऱ्या आमच्या गटाला मात्र काळजी जीपीएस रिसीव्हरची होती. तिथलं मुख्य गाव लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे भर दुपारीही अरोरा दिसतो.

असाच हिरवा पट्टा डोक्यावर सरकत असताना स्क्रीनवरचं 'फिक्स' (सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा) जाऊन 'फ्लोट' (ढोबळ अंदाज) आलं. रिसीव्हरची काठी बर्फात घट्ट रोवलेली, तरी उंचीचा आकडा वीतभर वर-खाली व्हायला लागला. पट्टा ओसरला, तसा फिक्स परतला.

सूर्याकडून आलेले कण चुंबकीय रेषांवरून ध्रुवीय वातावरणात उतरतात आणि आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, इलेक्ट्रॉनचे दाट-विरळ ठिगळ तयार होतात. त्यातून येताना सिग्नलची फेज (लहरीची लय) थरथरते आणि रिसीव्हरची पकड सुटते. त्यात जीपीएसच्या कक्षांचा विषुववृत्ताशी कल ५५ अंश, म्हणजे इथे एकही उपग्रह क्षितिजापासून साधारण ६० अंशांच्या वर चढत नाही. डोक्यावर उपग्रह नसल्याने सर्वात जास्त फटका उंचीला बसतो. जीपीएसच्या चुका सुधारणारी युरोपची एग्नोस सेवाही इथे भरवशाची नाही, कारण विषुववृत्तावर एकाच जागी दिसणारे तिचे भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून जेमतेम तीन अंशांवर असतात आणि डोंगराआड जातात.

फोनवर वाट शोधणाऱ्याला हे सहसा जाणवणारही नाही. सेंटिमीटरचं काम असेल तर मात्र जीपीएससोबत रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओ उपग्रहही घेणारा, दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर न्याच. एल-१ आणि एल-५ या दोन फ्रिक्वेन्सींच्या विलंबातल्या फरकावरून आयनोस्फिअरची सरासरी चूक काढून टाकता येते. फेजची थरथर मात्र त्याने जात नाही. म्हणून कच्चा डेटा साठवत राहा आणि महत्त्वाचा बिंदू काही तासांनी पुन्हा मोजा. निघण्यापूर्वी नॉर्वेची नकाशा संस्था कार्टवेर्केट हिची 'सेसोलस्टॉर्म' ही सौर वादळाची सेवा पाहा. अरोरा अ‍ॅपमधला केपी आकडा (चुंबकीय खळबळीचं माप) साऱ्या पृथ्वीचा असतो, ही सेवा त्या भागातली स्थिती दाखवते.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. १० मे २०२४ ला २००३ नंतरचं पहिलं जी-५, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीचं, भूचुंबकीय वादळ आलं, तेव्हा इथे मध्यरात्रीचा सूर्य होता, अरोरा दिसणं शक्यच नव्हतं. आकाश शांत दिसलं तरी सेवा तपासाच.

होकायंत्र जवळ ठेवा, पण वादळात सुईही काही अंश भटकते. सौर प्रोटॉन आले की ध्रुवाकडे लांब पल्ल्याचा एचएफ (शॉर्टवेव्ह) रेडिओ कधी कधी दिवसेंदिवस मुका होतो. त्यासाठी सॅटेलाइट फोन वेगळा घ्या.