पर्किन्स ४.१०८: हेड सुटलं एकदाचं

सुटलं! रविवारी दुपारी सव्वातीनला 'टक्क' असा एकच आवाज आला आणि बोटीच्या या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचं, एकोणीस दिवस ब्लॉकला धरून बसलेलं हेड (सिलिंडरांवरचं जाड झाकण) केसभर वर उचललं गेलं. मिस्त्रीकाका पलीकडे टॉर्च धरून बसले होते. ते नुसतं "आलं" म्हणाले. मी पंपाचा दांडा सोडला आणि तिथेच फळीवर बसलो.

मागच्या नोंदीत रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा भाग), मॅनिफोल्ड, नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) सगळं उतरलं होतं, हेडचे नटही विनातक्रार सैल झाले होते, आणि गाडी तिथेच अडली होती. या इंजिनाचं हेड स्टडवर, म्हणजे ब्लॉकमध्ये उभ्या बसवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर बसतं. बिडाचं हेड, पोलादी स्टड, मधल्या बारीक फटीत खाऱ्या हवेनं भरलेला गंज. गंज फुगतो, त्यामुळे प्रत्येक स्टड म्हणजे ठोकून बसवलेली पाचर झालेली. सहा दिवस गिअर ऑइल आणि अॅसिटोनचं मिश्रण सकाळ-संध्याकाळ सोडलं. लाकडी हातोड्यानं चारी बाजूंनी ठोकलं. सागाच्या वाशाला चेन पुली टांगून ओढलं, तर हेडच्या आधी वासाच वाकायला लागला. गॅस लावायचा विचारही केला नाही. लाकडी बोट, खाली डिझेल मुरलेल्या फळ्या, तिथे आग नको.

मागची नोंद वाचून काहींनी छिन्नी घालून उचकटायला सुचवलं होतं. कृपा करून कुणी करू नका. ब्लॉकच्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला की नवं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) कितीही चांगलं आणा, पाणी तिथूनच वाट काढणार. दुसरी सूचना दोरीची: सिलिंडरमध्ये दोरी भरायची आणि क्रँक फिरवून पिस्टननंच हेड ढकलायचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनाला ती युक्ती कदाचित चालेल. ४.१०८ इनडायरेक्ट आहे. नोझलच्या भोकातून आधी स्वर्ल चेंबर (हवा घुसळणारी छोटी कोठडी) लागतो आणि तिथून सिलिंडरमध्ये जायला एक अरुंद तिरकं तोंड. दोरी आत जाईना, थोडी गेली ती बाहेर येईना. शेवटी चिमट्यानं काढली, अर्धा दिवस गेला.

वाट काकांनी दाखवली. ते जेट्टीवर सहज आले होते, पुलीकडे बघून म्हणाले, "वरनं कशाला ओढतोस? खालनं ढकल ना." तेवढ्या एका वाक्यानं डोक्यातलं चित्र उलटं झालं. दोरी जात नसेल, पण पातळ काहीतरी जाईल.

पहिला प्रयोग ऑइलचा, तो फसला. दाब धरायच्या आतच ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) गेलं. मग ग्रीस. माझ्याकडे एक मेलेला सीएव्हीचा इंजेक्टर पडून होता. त्याची आतली सगळी बारीक मंडळी काढली, सांगाड्याच्या डोक्याला आटे पाडून ग्रीस निपल बसवला. दुसरा तसाच लेथवाल्याकडून करून घेतला. रॉकर उतरलेला असल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह स्प्रिंगनं बंद, आणि आतला दाब त्यांना आणखी घट्टच दाबणार. क्रँक फिरवून १ आणि ४ नंबरचे पिस्टन अगदी तळाला आणले. ते दोन्ही एकदमच खाली असतात आणि तिथून आणखी खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून सगळा जोर हेडवर. शिवाय दोन टोकांना दाब दिला की हेड तिरकं न होता सरळ उचललं जाईल, असा हिशेब. हेडचे नट पूर्ण काढले नाहीत. दोन-दोन आटे सैल करून जागेवरच ठेवले, म्हणजे सुटताना हेड उसळणार नाही. हे विसरू नका.

सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ७९.४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ४९.५ चौरस सेंटिमीटर. ग्रीसचा दाब चौरस सेंटिमीटरला नुसता ४० किलोपर्यंत गेला तरी एका सिलिंडरमागे जवळजवळ दोन टन. चेन पुलीनं वाशाला टांगून हे कधी मिळणार? एक सिलिंडर ४४० सीसीचा, त्यामुळे दोन भरायला किलोचा डबा बहुतेक संपला. हातातल्या छोट्या ग्रीस गननं हे होणार नाही. ट्रकच्या गॅरेजमधला बादलीचा पंप एका दिवसासाठी मागून आणला. १ नंबरला दहा दांडे, ४ नंबरला दहा दांडे, असं आलटून पालटून. दांडा जड होत गेला, मग अगदीच हलेना. पाच मिनिटं तसंच सोडलं, पुन्हा दोन दांडे, आणि 'टक्क'. गॅस्केटच्या कडेनं ग्रीस सोऱ्यातून शेव पडावी तसं बारीक, सलग बाहेर आलं. ते दृश्य मी बराच वेळ बघत बसलो होतो. पुढचं पुलीनं नेलं. एक स्टड हेडबरोबरच वर आला, तो लेथवाल्याकडे काढून घेतला.

उतरलेलं हेड वाईट निघालं. चीर शोधायचा लाल डाय मारला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला, आणि तीन नंबर सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधोमध लाल रेघ, म्हणजे चीर, उमटली. दोन वर्षांपूर्वी थंड पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची पाती तुटून इंजिन तापलं होतं, तेव्हाचीच असणार. ऑइल दुधाळ का होत होतं, त्याचं उत्तर मिळालं. सरळपट्टी लावली तर हेड वाकलंही होतं. एका ठिकाणी "सरफेस मारून, वेल्डिंग करून देतो" म्हणाले. मॅन्युअलमध्ये या हेडसाठी स्किमिंगची (तळ घासून सपाट करण्याची) मुभा शून्य आहे, आणि कारणही समजण्यासारखं आहे: स्वर्ल चेंबरचे इन्सर्ट हेडच्या तळाशी येऊन बसतात आणि व्हॉल्व्ह किती आत आहेत, यावर पिस्टनशी त्यांचं अंतर ठरतं. २२:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात तिथे वाया घालवायला जागा नाही. म्हणून नाही म्हटलं.

नवं (म्हणजे जुनंच) हेड मुंबईच्या दारूखान्यात, जहाजांच्या भंगाराच्या बाजारात मिळालं. भंगारात फोडलेल्या जहाजाच्या लाइफबोटीतलं, साडेअकरा हजारांना. तिथे जाणार असाल तर सरळपट्टी, फीलर गेज आणि डायचे दोन कॅन बरोबर न्या आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच तपासा. मी तीन हेडं उलटीपालटी केली, दोन चिरलेली निघाली. गॅस्केटचा अनुभव मात्र खराब. एका दुकानानं कॉपी माल पाठवला, पाण्याची दोन भोकं जुळेनात, परतही घेईनात. शेवटी मूळ प्रकारचं लॅमिनेटेड मागवलं. ते कोरडंच बसतं, सोल्युशन लावायचं नाही, आणि 'टॉप फ्रंट' लिहिलेली बाजू वर.

व्हॉल्व्ह लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झालं. पोर्टमध्ये रॉकेल भरून रात्रभर ठेवलं, आठही सीट सकाळी कोरड्या. सात पहिल्याच फेरीत धरल्या, आठवीला पेस्टचे आणखी तीन हात लागले. तिचा तो एकसारखा राखाडी पट्टा फार देखणा आलाय.

ठरवलं होतं की आता मागची क्रँक सील आधी करायची. ही इंजिनं तिथून गळतातच. पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं. ग्रीस भरायला केलेले ते दोन इंजेक्टर आहेतच. निपल काढून तिथे ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, तर हेड बसवल्यावर, रॉकर चढवायच्या आधीच, प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून गळती कळेल. संपमधून फुसफुसली तर रिंगा, मॅनिफोल्डच्या तोंडाशी आली तर व्हॉल्व्ह, हेडर टँकमध्ये (इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत) बुडबुडे आले तर गॅस्केट. मग सील नंतर. रिंगाच गेल्या असतील तर इंजिन नाहीतरी बाहेर काढावं लागणार, तेव्हा सील आपोआप हाताशी येईल.

म्हणून उद्याचं काम: सिलिंडरमधलं उरलेलं ग्रीस डिझेलनं धुऊन काढणं, स्टडचे आटे ब्रशनं साफ करणं, आणि नट मधून बाहेरच्या दिशेला, तीन टप्प्यांत ६० फूट-पाउंडवर (साधारण ८१ न्यूटन-मीटर) नेणं. टॅपेटची फट थंड असताना १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). लेथवाले सगळे ट्रॉलरच्या कामांत बुडालेत. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, त्याआधी त्यांच्याकडून आणखी काही करून मिळणार नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र मला स्वतःलाच बसवता येईल. सायकलवाल्याकडून दोन आणून ठेवलेत.