गिऱ्हाईक डेअरीवालं, म्हणून कंपनी डेअरी?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीने लिंक्डइनवर डिझाइन इंजिनिअरची जागा टाकली होती. अर्जांचा ढीग आला, पण उपयोगाचा एकही नाही, म्हणून त्यांनी आमच्या भरती सल्लागार फर्मला गाठलं. कंपनी दुधाची यंत्रं बनवते: पाश्चरायझर, बल्क मिल्क कूलर, स्टेनलेस स्टीलच्या (एसएस ३०४) टाक्या. अर्ज मात्र दूध संघांतल्या प्लँट ऑपरेटरांचे, क्वालिटी केमिस्टांचे आणि उदगीर, वरुड-पुसदच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे.

ही माणसं आपापल्या कामात पक्की असतात, पण हे काम वेगळं. ताशी ५,००० लिटरच्या पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंशांवर किमान १५ सेकंद राहायला हवं. म्हणजे होल्डिंग ट्यूबमध्ये, तापलेलं दूध तेवढा वेळ ज्यातून वाहतं त्या नळीत, जवळपास २१ लिटर दूध मावलं पाहिजे. दोन इंची पाइप घेतला तर लांबी साडेअकरा मीटरच्या आसपास जाते. एवढी लांबी स्किडच्या, म्हणजे यंत्र ज्यावर उभं असतं त्या सांगाड्याच्या, चौकटीत कशी वळवून बसवायची, उतार किती ठेवायचा, हे सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काढून देणारा माणूस त्यांना हवा होता. प्लँट चालवणारा ७२ अंश सांभाळतो. ट्यूबची लांबी काढायची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही.

जाहिरातीच्या तळाशी चार गोष्टी दिसतात: अनुभवाची पातळी, नोकरीचा प्रकार, जॉब फंक्शन आणि इंडस्ट्री. अर्जदार त्या वाचत नाहीत, पण सर्चची गाळणी नेमक्या त्याच लावते. इथे इंडस्ट्रीपुढे होतं ‘डेअरी प्रॉडक्ट मॅन्युफॅक्चरिंग’. हे आलं कंपनीच्या पेजवरून. पेजला इंडस्ट्री एकच देता येते, तीही ठरलेल्या यादीतूनच. आपल्या मनाचं नाव टाइप करता येत नाही.

मग पेजवर हे कोणी निवडलं? कोणी मुद्दाम चूक केली नव्हती. लिंक्डइनची जुनी यादी दीडशेच्या आत होती आणि तिच्यात नुसतं ‘डेअरी’ असं लिहिलेलं होतं. दुधाच्या धंद्याशी संबंध असलेल्या कोणालाही ते आपलंच वाटावं. पुढे यादी चारशेच्या वर गेली, नावं बदलली आणि जुन्या निवडी नव्या नावांखाली आपोआप सरकल्या. ‘कॉम्प्युटर सॉफ्टवेअर’चं ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट’ झालं, पण आतला कोड ४ होता तो ४ च राहिला. तसंच इथेही झालं. ‘डेअरी’चं ‘डेअरी प्रॉडक्ट मॅन्युफॅक्चरिंग’ झालं आणि कंपनी कागदोपत्री लोणी-चीज बनवणाऱ्यांत जाऊन बसली. तेव्हापासून पेजच्या सेटिंगकडे कोणी बघितलंच नव्हतं.

मालकांना बदल मान्य नव्हता. “अहो मॅडम, आमचं सगळं गिऱ्हाईक डेअरीवालं. आम्ही तिथेच दिसायला नको का?” भरतीच्या कामात हा प्रश्न सारखा समोर येतो. हॉस्पिटलला सॉफ्टवेअर विकणारी कंपनी ‘हॉस्पिटल’ निवडते, बँकांना सुरक्षारक्षक पुरवणारी ‘बँकिंग’. इंडस्ट्री ठरते आपण काय करतो त्यावरून, कोणाला विकतो त्यावरून नाही. हा घोळ छोट्या कंपन्यांपुरता आहे असंही नाही. शेअर बाजारासाठी एस अँड पी आणि एमएससीआय चालवतात त्या जीआयसीएस वर्गवारीत व्हिसा आणि मास्टरकार्ड अनेक वर्षं आयटीत होत्या. मार्च २०२३ मध्ये त्यांना फायनान्शियल्समध्ये हलवलं.

मी त्यांना कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा ओळख क्रमांक, काढायला सांगितला. एकवीस अक्षरांचा हा नंबर लेटरहेडवर असतोच. पहिलं अक्षर ‘यू’ म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही, मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याचं ‘एमएच’, स्थापनेचं वर्ष, ‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट कंपनी, आणि शेवटी सहा आकड्यांचा नोंदणी क्रमांक. त्यांचे उद्योगाचे आकडे २९ ने सुरू होत होते. एचआरमधल्या मुलीने राष्ट्रीय औद्योगिक वर्गवारीची, म्हणजे एनआयसी २००८ ची, यादी फोनवर उघडली आणि म्हणाली, “मॅडम, २९ म्हणजे तर मोटारगाड्या!” बरोबर होतं तिचं, फक्त यादी चुकीची होती. कंपनी जुनी. २००४ च्या यादीत २९ म्हणजे यंत्रसामग्री. २००८ मध्ये तीच यंत्रसामग्री २८ वर गेली आणि २९ मोटारगाड्यांना मिळाला. खाद्यप्रक्रियेची यंत्रं, ज्यात दुधाचीही येतात, तेव्हा २९२५ होती, आता २८२५ आहेत. दुधाचे पदार्थ बनवणं तेव्हा १५२०, आता १०५०. म्हणजे सरकारदरबारी ही कंपनी एकदाही डेअरी नव्हती. सीआयएन पाहताना आधी कंपनीचं वर्ष बघायचं ते यासाठी.

खोलात गेलं तर गंमत अशी की त्यांचा सगळा माल एका कप्प्यात बसतही नाही. पाश्चरायझर २८२५, औद्योगिक रेफ्रिजरेशनची उपकरणं २८१९, धातूच्या टाक्या २५१२. उद्या दूध काढायची यंत्रं बनवायला घेतली तर ती शेतीच्या यंत्रांत, २८२१. अशा वेळी नियम सोपा: मूल्यवर्धनात ज्याचा वाटा सगळ्यात मोठा, तो मुख्य उद्योग. इथे पाश्चरायझरच पुढे होता. लिंक्डइनवर ‘इंडस्ट्रियल मशिनरी मॅन्युफॅक्चरिंग’ निवडलं.

डेअरीवाल्यांना दिसायची सोय वेगळ्या ठिकाणी आहे. ‘अबाउट’मध्ये स्पेशॅलिटीज नावाचा रकाना असतो, वीस शब्दप्रयोग चालतात. तिथे ‘डेअरी इक्विपमेंट’, ‘एचटीएसटी पाश्चरायझर’ (वरचाच, ७२ अंश आणि १५ सेकंदांचा), ‘सीआयपी सिस्टिम’ (यंत्र न उघडता आतून धुण्याची सोय) घातले. टॅगलाइनच्या १२० अक्षरांतही दूध आणलं. विक्रीसाठी पैसे भरून जाहिरात करायची असेल तर तिथे समोरच्या कंपनीची इंडस्ट्री निवडता येते. तिथे खुशाल डेअरी घ्या. मालक एवढ्यावर राजी झाले.

जाहिरातीचं पदनाम मात्र मला इंडस्ट्रीपेक्षा जास्त खुपत होतं: ‘डेअरी प्लँट इंजिनिअर’. इंडस्ट्री म्हणजे कंपनीचा धंदा, फंक्शन म्हणजे माणसाचं काम. सरकारी वर्गवारीतही या दोन वेगळ्या याद्या आहेत: कंपनीसाठी एनआयसी, कामासाठी एनसीओ २०१५, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय वर्गवारी, जिच्यात मेकॅनिकल इंजिनिअर २१४४ मध्ये येतो. नोकरी डॉट कॉमवरही इंडस्ट्री, डिपार्टमेंट आणि रोल हे रकाने वेगवेगळे असतात. माणूस शोधताना आधी पदनामच टाइप करतो. पदनाम ‘मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर’ केलं, फंक्शन ‘इंजिनिअरिंग’ आणि ‘डिझाइन’, स्किल्समध्ये सॉलिडवर्क्स, शीट मेटल, हीट एक्स्चेंजर. जुनी जाहिरात बंद करून नवीच टाकली, म्हणजे आधीचे टॅग मागे राहायला नकोत.

ती आमच्या फर्मच्या पेजवरून टाका, असा मालकांचा आग्रह होता. मी नको म्हटलं. आमच्या पेजची इंडस्ट्री ‘स्टाफिंग अँड रिक्रूटिंग’. तिथून टाकली की यंत्रांची नोकरी भरतीच्या धंद्यात दिसणार.

अर्ज आधीपेक्षा कमी आले, पण चाकण आणि तळेगावच्या मशिनरी कंपन्यांत ड्रॉइंग काढणाऱ्यांचे आले. श्रेय बहुतेक पदनामाचं, थोडं इंडस्ट्रीचं. जुन्या कर्मचाऱ्यांच्या प्रोफाइलवर मात्र अजून डेअरीच आहे. तो रकाना ज्याचा त्यालाच बदलावा लागतो, पेज बदलून तो बदलत नाही. काहींनी तर कंपनीचं नाव यादीतून न निवडता नुसतं टाइप केलेलं, त्यामुळे लोगोच्या जागी करडा चौकोन दिसतो आणि ते पेजशी जोडलेलेच नाहीत. एचआरमधली ती मुलगी आता एकेकाला फोन करून हे दुरुस्त करून घेते आहे.