डोळे नसलेला तुडतुडा

आज दिवसभर एका तुडतुड्याचं वर्णन वाचत बसले. यूयूइया सीका. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या चुनखडीच्या गुहेतला, किन्नरिडी कुळातला. हानेलोरे होख आणि रॉड्रिगो फेरेरा यांनी 2016 मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजाती (जीनस) मांडली.

आपल्याकडे तुडतुडे म्हटलं की भातावरचे तपकिरी नाहीतर उसावरची पाकोळी आठवते. उन्हात उड्या मारणारे, शेतकऱ्याला रडवणारे. त्यांचाच हा नातलग काळोखात राहतो, गुहेत उतरलेल्या मुळांतला रस पितो. डोळे गेलेले, पंख आखडलेले, रंग फिकट.

मला सगळ्यात भावला तो वर्गीकरणाचा पेच. डोळे नाहीत म्हणून नवी प्रजाती, असं म्हणता येत नाही. गुहेत शिरलेल्या कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांचं हेच होतं, मग या खुणा नातं सांगणार कशा? म्हणून नराची जननेंद्रियं बघायची. त्यासाठी पोटाचं टोक अलगद वेगळं करायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मऊ भाग विरघळू द्यायचा, मग ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काटा, एकेक वळण कागदावर उतरवायचं. फोटो असले तरी हाताने काढलेल्या रेखाटनाला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. काय महत्त्वाचं ते चित्र काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आणि हे किडे जोडीदाराला हाक मारतात ती झाडाच्या देठातून, मुळांतून कंपनं पाठवून. त्याला उजेड लागतच नाही! गुहेत उतरायची अर्धी तयारी त्यांच्याकडे आधीपासूनच होती.