आमची वाटचाल: माडीवरच्या न्हाणीघरापासून

वडिलांनी साताऱ्यात शहाबादी फरशी बसवायचं काम धरलं, तेव्हा त्यांच्याकडे थापी, ओळंबा आणि सायकल होती. मी त्यांच्या हाताखाली माल कालवत शिकलो. पुढे मोझॅक आलं, व्हिट्रिफाईड आलं, तिघांचे अकरा जण झालो, गोदाम झालं. पण फर्मला खरं वळण लागलं ते व्यंकटपुरा पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर.

वाड्यातल्या काकूंचे गुडघे धरलेले. रात्री जिना उतरणं होत नव्हतं, म्हणून मुलाने माडीवरच न्हाणीघर करायला काढलं. टाईल आणली 600 बाय 1200 मिलिमीटरची, पांढरीशुभ्र. आम्ही लाकडी फळ्यांवर जाळी ठोकली, नेहमीचा सिमेंट-वाळूचा माल पसरला आणि टाईल बसवली. दिवाळीला काम संपलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो, तर काकूंनी हात धरून आत नेलं. "बघ रे बाळा, हे काय झालंय?" दाराजवळच्या टाईलवर या कडेपासून त्या कडेपर्यंत केसासारखी रेघ, आणि खाली ओसरीच्या छताला बशीएवढा ओला डाग. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पदरच्या पैशाने सगळं उखडलं. सोबत एक म्हातारे सुतार घेतले. ते म्हणाले, "लाकूड पावसात फुगतंय, उन्हाळ्यात आटतंय. तुमची फरशी हलत न्हाई. मग मोडणार कोण?" फळ्या काढल्यावर त्यांनी पेचकस घेऊन एकेक तुळई टोचून पाहिली. भिंतीत गेलेल्या दोन टोकांत पेचकस लोण्यात जावा तसा गेला. तेवढा भाग काढून शेजारी नवी तुळई बोल्टने जोडली.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. तुळई 3 मीटरची असेल, तर भार आल्यावर ती मधोमध 8 मिलिमीटरच्या वर वाकता कामा नये. संगमरवर किंवा ग्रॅनाईट असेल तर त्याच्या निम्मीच. वर आयएस 710 या भारतीय मानकाचा, ओलीला टिकणारा 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय, तुळयांना आडवा, प्लायच्या दोन तक्त्यांमध्ये 3 मिलिमीटर फट ठेवून. खिळे नाहीत, स्क्रूच. खिळा कालांतराने वर येतो. त्यावर सिमेंट फायबर बोर्ड, सांध्यांना पट्टी, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर वीतभर चढवून. ते वाळलं की 24 तास पाणी तुंबवून खालच्या छताला हात लावून बघायचं.

मोठ्या टाईलला सपाटी फार लागते. लहान टाईल खळग्यात जुळवून घेते, मोठी त्यावर पूल बांधते आणि खाली पोकळी राहते. म्हणून 3 मीटरच्या पट्टीखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. उतारही चार बाजूंनी पाणी जायच्या मधल्या जाळीकडे देता येत नाही. भिंतीलगत लांबट जाळी बसवून एकाच बाजूला द्यावा लागतो. चिकटवा एस-1 वर्गाचा, लवचिक. तो जमिनीवर दातेरी थापीने ओढायचा आणि टाईलच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा. भिंतीशी 6 मिलिमीटर जागा सोडून ती सिलिकॉनने भरायची, म्हणजे लाकडाला हलायला वाव राहतो.

पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांची कामं आता याच कामामुळे येतात. तिथे पावसाळ्यात आम्ही प्लाय टाकतच नाही, लाकूड सुकेपर्यंत थांबतो. "आठवडा झाला, एक टाईल लागली नाही," असं ऐकावं लागतं. तरी घाईने उरकायला सांगितलेलं काम मी घेत नाही. दोन कामं अशी सोडलीही.

गेल्या महिन्यात वाईला एका माडीवर प्लाय पक्का केल्यावर स्टीलचा पेला काठोकाठ भरून मधोमध ठेवला आणि आमच्या सगळ्यात दणकट मिस्त्रीला शेजारून चालवलं. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. तरी एक तुळई वाढवली, पुन्हा चालवलं. या खेपेला पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर राहिलं. मग पोरांना म्हटलं, उद्या बोर्ड चढवा.