पावसाचे आकडे मांडताना

खानापूर आणि अथणी एकाच बेळगाव जिल्ह्यातले तालुके. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे जुलैत पावसाची झड थांबत नाही, तर पर्जन्यछायेतल्या अथणीत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. माझा शोधनिबंध याच फरकावर होता. आकडे मिळाले होते, खरा कस लागला तो ते मांडताना.

जिल्ह्याची सरासरी आधी बाजूला ठेवली. तेवढा पाऊस ना खानापूरला पडतो ना अथणीला. त्याऐवजी प्रत्येक तालुक्याचा मध्यक, म्हणजे सगळी वर्षं पावसाच्या क्रमानं लावली की मधोमध येणारा आकडा घेतला आणि शेजारी सर्वांत कमी व सर्वांत जास्त पावसाचं वर्ष दिलं. दुष्काळाचं साल सरासरीत दिसेनासं होतं, आणि शेतकरी तर तेच विसरत नाही.

तक्त्यात दशांश काढून टाकले, वार्षिक पावसाला पूर्ण मिलिमीटर पुरतात. तालुके वर्णानुक्रमे न लावता पश्चिमेकडून पूर्वेकडे लावले: खानापूर, बेळगाव, हुक्केरी, गोकाक, अथणी. घाटापासून दूर जाताना पाऊस कसा घटतो, हे तेवढ्यानंच दिसू लागलं.

गाईड सरांचं मत पाय चार्टकडे, म्हणजे वर्तुळाच्या फोडी पाडून दाखवणाऱ्या आलेखाकडे होतं. मी म्हटलं, "सर, पाच तालुक्यांच्या मिलिमीटरची बेरीज केली तर तिला अर्थ काय?" पाय चार्टला एक अख्खी गोष्ट लागते, जिचे भाग पाडता येतात. शिवाय 1984 साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलंय की एकाच पट्टीवरची जागा डोळ्याला फोडीच्या कोनापेक्षा अचूक कळते. सरांना पटलं. शून्यापासून सुरू होणारे साधे आडवे स्तंभ काढले.

महिनावार आलेखानं मात्र घाम काढला. दोन्ही तालुके एकाच मापावर घेतले की अथणीची रेष तळाला चिकटते. वेगवेगळी मापं घेतली की घाईत पाहणाऱ्याला दोन्हीकडे सारखाच पाऊस वाटतो. शेवटी दोन आकृत्या केल्या. पहिलीत एकाच मापावर मिलिमीटर, दुसरीत वर्षाच्या पावसापैकी कोणत्या महिन्यात किती टक्के. दुसरीत कळतं की खानापूरचा जोर जुलैत, तर अथणीची भिस्त सप्टेंबरवर. पेरणीचं गणित त्यावरच असल्यामुळे ही आकृती मला सगळ्यांत मोलाची वाटते.

कॉलेजात निबंध झेरॉक्स होऊनच फिरतात, म्हणून रंगांवर विसंबले नाही. एक रेष सलग, दुसरी तुटक, आणि नावं रेषेच्या टोकालाच. केंद्रवार मूळ आकडे परिशिष्टात दिलेत, कुणाला पडताळायचे असतील तर तिथून घ्यावेत.