अनामत

एप्रिलमध्ये नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कुलर खाली येतात, आणि त्यांच्या ताट्यांवर गेल्या उन्हाळ्यातल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर जसाच्या तसा असतो. परवा दुपारी तो खरवडताना मला म्युनिकमधले न्हाणीघर आठवले, कारण तिथल्या घरमालकांनी नळावरच्या नेमक्या अशाच डागांपोटी माझ्या अनामतीतून १८० युरो कापायचे ठरवले आहे.

सप्टेंबरात मी किल्ल्या दिल्या आणि २,७०० युरो त्यांच्याकडे राहिले. जर्मन कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, ती मालकाने स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते आणि तिच्यावरचे व्याजही भाडेकरूचेच असते. फक्त ती परत कधी द्यायची याची तारीख त्या काटेकोर देशाच्या कायद्यात नाही. पाण्याचा आणि हीटिंगचा वार्षिक हिशेब व्हायचा असेल, तर त्यापोटी काही रक्कम आणखी अडकून राहते. किल्ल्या देताना दोघांनी सही केलेल्या पाहणीच्या कागदावर नळाचा उल्लेखही नाही, हे मी तीनदा लिहून कळवले आहे.

निघण्यापूर्वी तिथले बँक खाते बंद करण्याचा शहाणपणाही माझाच. मालक प्रत्येक पत्रात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, मागतात. जर्मन आयबॅन बावीस अक्षरांचा असतो आणि भारतात तो नसतोच, म्हणून मी खातेक्रमांक, स्विफ्ट कोड आणि अकरा अक्षरांचा आयएफएससी पाठवतो. त्यावर अक्षरे कमी भरत असल्याचे ते अतिशय नम्रपणे कळवतात. उन्हाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, त्यामुळे आमची गल्ली जेवून आडवी झालेली असताना, दुपारी दीड वाजता, मी जर्मन व्याकरण सांभाळत फोनवर भांडत असतो.

वास्तविक भाड्याच्या भिंतीत मी कधी खिळासुद्धा ठोकलेला नाही. महाल भागातल्या वाड्यातली जागा सोडायच्या आदल्या रात्री बाबांनी साबणात खडूची पूड कालवून भिंतीतले एकेक भोक बुजवले होते आणि मी शेजारी बॅटरी धरून उभा होतो. "अहो, ते काय भिंग घेऊन येणार आहेत का?" असे आई दोनदा म्हणाली. सकाळी मालक आजोबांनी भिंतीकडे ढुंकूनही न पाहता लाकडी पेटीतून नोटा काढून बाबांच्या हातावर ठेवल्या, तेव्हा बाबांचा चेहरा पडला. रात्रभराचे काम कुणी पाहिलेच नव्हते.

ताट्या उन्हात ठेवत होतो, तेवढ्यात आमच्या वरच्या खोलीत राहणारा विद्यार्थी जिन्यावरून खाली आला.

"काका, महिनाअखेरीला खोली सोडतो आहे. डिपॉझिट कधी मिळेल?"

"देऊ ना. आधी विजेचं बिल तर येऊ दे," मी म्हणालो.

त्याचे दहा हजार गेल्या मे महिन्यात याच कुलरमध्ये गेले, हे त्याला सांगण्याचे काही कारण नव्हते. तो कॉलेजला गेल्यावर मी वर जाऊन भिंती पाहून आलो. सात खिळे आहेत. त्यांतला एक बहुधा आमचाच असावा.