उशाशी, ओट्यापाशी, झोपाळ्यावर

एका वेळी एकच पुस्तक हातात घ्यावं, ते संपवावं आणि मगच दुसरं उघडावं, असं सांगणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यावर विश्वास नाही. ही मंडळी जेवताना आधी सगळी भाजी संपवून मग आमटीकडे वळतात का, हे एकदा बघायला पाहिजे.

आमच्याकडे पुस्तकांच्या जागा ठरलेल्या आहेत. ओट्यावर मिक्सरच्या मागे लेखांचं पुस्तक उभं असतं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक लेख आरामात होतो, डाळ जुनी असेल तर दीड. झोपाळ्यावर वाचनालयाचं पुस्तक. पर्समध्ये पातळसा कवितासंग्रह, कारण पासबुक भरायला गेलं की मशीन हमखास बंद असतं आणि कविता उभ्यानेही वाचता येते. उशाशी मी स्वतः विकत घेतलेली जाडजूड कादंबरी. आणि सासूबाईंच्या खोलीत, चष्म्याच्या डबीखाली, रात्री नऊचं पुस्तक. ते मी वाचते आणि त्या ऐकतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप त्यांना आता झेपत नाही. खुणेला जे हाताला लागेल ते चालतं. एसटीचं तिकीट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, लग्नपत्रिका. लाइट बिल सापडेना झालं की आमचे हे आधी कादंबरी झटकून बघतात.

यातली बहुतेक पुस्तकं कुणीतरी मागे लागलंय म्हणून पुढे सरकतात. वाचनालयाच्या पुस्तकाला परत करायची तारीख असते, भिशीच्या पुस्तकाला शनिवार असतो, आमराई बागेतल्या वाचनगटाला रविवारची सकाळ. जिचे मी रोख पैसे मोजले त्या उशाशी पडलेल्या कादंबरीला मात्र कुणी वाली नाही. गणपतीपासून ती दुसऱ्या प्रकरणात आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, असं त्यात आहे. पाच पुस्तकांच्या वाट्याला मिळून एकच वाचक आला तर त्याने काय करावं, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

त्यात नोव्हेंबर म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या वाचनाच्या वेळापत्रकाची वाट लावली. वाचनालयात अंकांसाठी वेगळी वर्गणी भरली की घरी अंक येऊ लागतात, आणि प्रत्येक अंकावर आपल्यामागे रांग आहे याची जाणीव काउंटरवरून न चुकता करून दिली जाते. मी अंक मागून वाचायला घेते. राशिभविष्य आधी, कविता मग, कथा शेवटी. हे बरोबर नाही असं आमच्याकडे सगळ्यांचं मत आहे.

शनिवारची पुस्तक भिशी इथे सांगलीच्या विश्रामबागेत असते. बायका बायकाच आहोत. महिन्याचे पैसे जमतात, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघते, जिची चिठ्ठी तिने त्या पैशांची पुस्तकं आणायची. कपाटात नेऊन ठेवायची नाहीत, आधी सगळ्यांकडून फिरवायची. त्यामुळे आपलं पुस्तक आपल्याकडे परत येतं तेव्हा ते बरंच जग बघून आलेलं असतं. माझ्या एका प्रवासवर्णनाच्या चाळिसाव्या पानावर आता अंगठ्याचा पिवळाधम्मक ठसा आहे, रेघान्‌रेघ दिसावी इतका स्वच्छ. कुणाचा ते विचारायची गरज नाही. आमच्यातल्या एका काकूंचं माहेर आणि सासर दोन्ही हळदीच्या पेठेतलं. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल होतो, हे सांगलीत लहान पोरालाही माहीत असतं. पुस्तकाला तर साबणही लावता येत नाही. ऊन दाखवलं की हळद उडते, म्हणून काकूंनी सुचवलं, “गच्चीवर पान उघडून ठेव की दोन दिवस.” मी ठेवलं नाही. त्या पानावर लेखक बाजारात मसाले बघत हिंडतोय. ठसा राहू दे तिथेच.

भिशीत पुस्तकावर बोलायचं असतं आणि बोललंही जातं. पण सगळ्यात ठासून बोलते ती पुस्तक अर्धं वाचलेली. पूर्ण वाचलेलीला शेवट फोडायची भीती असते, अजिबात न वाचलेली चहाच्या मागे असते. मैदान अर्धं वाचलेलीचं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. अर्ध्यावर असतानाच माणूस पुस्तकाशी खरा भांडत असतो, एकदा संपलं की तो लेखकाच्या बाजूचा होऊन जातो.

गुरुवारचा गट फोनवर असतो. भाचीच्या मैत्रिणी, कुणी पुण्यात, कुणी बंगळूरला. मुली हुशार आहेत, पण पुस्तक आवडलं का नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात कुणी सांगत नाही. मी ऐकता ऐकता शेंगा सोलते.

आमराईतला रविवार वेगळाच. तिथे फिरायला येणाऱ्यांचा गट आहे, त्यात निवृत्त लोक जास्त. एक वकीलकाका आहेत, गटाने कुठलंही पुस्तक ठरवलं तरी ते वडिलांनी बांधून ठेवलेले ‘किर्लोस्कर’चे जुने अंकच वाचतात आणि प्रत्येक चर्चेत “यात नवं काय आहे?” असं विचारतात. नांगर करणाऱ्या कारखान्याने १९२० साली किर्लोस्करवाडीच्या माळावरून मासिक काढलं, त्यापुढे त्यांना सगळंच फिकं वाटतं. नोव्हेंबरात ५ तारखेला रंगभूमी दिन असतो म्हणून आम्ही महिनाभर नाटकंच वाचतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याचा परिणाम अजून उतरलेला नाही. बाकावर बसून शांतपणे वाचायचं ठरलेलं असतं, पण तिसऱ्या संवादाला कुणीतरी उठून उभं राहतं, पाचव्याला हातवारे सुरू होतात आणि चालायला आलेले अनोळखी लोक थांबून बघायला लागतात. मागच्या रविवारी एका आजोबांनी खलनायकाची बाजू इतकी जोरात मांडली की बाकाखालचं कुत्रं उठून निघून गेलं.

आता झोपाळ्यावरच्या पुस्तकाबद्दल. त्याच्या खालच्या कडेला तपकिरी लाट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. सांगली नगरवाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पाण्यात गेली आणि घराघरांतली कपाटं गेली ती वेगळीच. भिजलेलं पुस्तक फुगतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. फळीत ते इतकं घट्ट बसतं की ओढून निघत नाही. आणखी एक कळलं: गुळगुळीत कागदाची महागडी सचित्र पुस्तकं आधी जातात. त्या कागदावरचा मातीचा लेप ओला झाला की पानाला पान चिकटतं आणि वाळल्यावर हातात वीट येते. जुना, खरखरीत, स्वस्त कागद पंख्याखाली पान-पान सुटा होतो, वाकडातिकडा का होईना, पण वाचता येतो. तेव्हापासून आमच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर पुस्तक नाही, पितळी भांडी आहेत.

तर हे लाटवालं पुस्तक म्हणजे दुष्काळी आटपाडीकडच्या एका माणसाचं आत्मकथन. माझ्याआधीच्या कुणीतरी त्यात पेन्सिलीने शुद्धलेखन तपासलंय. ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेले अनुस्वार, सगळं, अगदी मास्तरी हाताने. चारा छावणीवर बैल मरतो त्या पानापर्यंत खुणा आहेत. त्यानंतर शेवटपर्यंत एकही नाही. चुका तर पुढेही आहेत.

हे पुस्तक मी दुपारी वाचत होते आणि रात्री नऊला आईंना, म्हणजे सासूबाईंना, शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेचं पुस्तक वाचून दाखवत होते. कुणी ठरवून या दोन पुस्तकांची गाठ घातली नसती. एका गटाची यादी त्या टोकाची, दुसऱ्या गटाची या टोकाची. दुपारी आटपाडीतल्या बायका आडात उतरून वाटीवाटीने घागर भरतात, आणि रात्री सहा माणसं एका लहानशा होडीतून साऊथ जॉर्जिया बेटाकडे निघालेली, जवळजवळ तेराशे किलोमीटर. चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्याच्या पिंपात समुद्राचं पाणी शिरलेलं, आणि जिभा सुजलेल्या. वाचताना माझाच घसा कोरडा पडला. होडी निघाली तो एप्रिल होता, १९१६ चा. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, आमच्या मिरजेच्या स्टेशनातून पाण्याची रेल्वे लातूरला जात होती. ही तीन पाणी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या पुस्तकांत भेटली असती तर मी प्रत्येक वेळी “अरेरे” म्हणून पान उलटलं असतं. एकाच दिवशी भेटली म्हणून रात्री उठून माठावरचं झाकण नीट बसवलं. एका वेळी एकच वाचणाऱ्यांना हे कसं सांगायचं?

खरं तर होडीचं प्रकरण मी पुढे जाऊन वाचलं होतं. रात्रीच्या वाचनात आम्ही अजून बर्फातच आहोत. आईंना पुढचं सांगायचं नाही, असा दोघींत अलिखित करार आहे, आणि मी दुपारी चोरून वाचते हे त्यांना माहीत आहे. “आवाजावरून कळतं गं,” म्हणतात, “तुला घाई नसते तेव्हा.”

आईंना शॅकल्टनशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचा जीव जहाजावरच्या बोक्यावर. मोहिमेतल्या सुताराचा तो बोका, नाव मात्र मिसेस चिपी. बाईचं नाव ठेवलं आणि निघाला बोका, यावर आई पहिल्या रात्री डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जहाज १९१५ च्या जानेवारीत बर्फात अडकलं तेव्हा त्यांनी विचारलं, त्याला दूध कुठलं मिळत असेल. कॅप्टन काय म्हणाला, हवा काय झाली, हे चालू असताना मधूनच: “आणि तो?” रोज दिव्याचं बटण बंद करायच्या आधी बोक्याची हजेरी.

परवा जहाज सोडून सगळे बर्फावर उतरतात ते प्रकरण आलं. काय काय बरोबर न्यायचं आणि काय नाही, ते शॅकल्टन ठरवतो. मी दुपारीच वाचून ठेवलं होतं. रात्री त्या पानापाशी आले तेव्हा आवाज बदलू दिला नाही, श्वाससुद्धा घेतला नाही, आणि मधला परिच्छेद सोडून सरळ तंबूंवर आले. आई काही बोलल्या नाहीत. कूस बदलून झोपल्या.

काल पुन्हा नऊ वाजता पुस्तक उघडलं. तंबू कुणाकुणाचे, होड्या किती, सीलचं मांस कसं शिजवतात, दोन पानं झाली. आईंनी हात वर केला.

“तंबू मोजून सांगितलेस, होड्या मोजून सांगितल्यास,” म्हणाल्या, “बोका कुठल्या तंबूत आहे?”